वाळवणाचा हिशेब

चैत्र-वैशाखात पाथर्डीच्या कोणत्याही गल्लीतून चालत जा आणि जरा मान वर करून पाहा. गच्चीवर, माळवदावर, अंगणातल्या बाजेवर जुने धोतर किंवा पातळ अंथरलेले असते आणि त्यावर कुरडया, सांडगे, शेवया, बाजरीच्या खारोड्या वाळत पडलेल्या असतात. कावळे हाकलण्याचे काम घरातल्या लहान मुलाकडे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते केले असेल आणि हाकलता हाकलता अर्ध्याओल्या खारोड्या स्वतःच फस्तही केल्या असतील.

अकरावीच्या पहिल्या तासाला मी एक प्रश्न हटकून विचारतो. पदार्थ वाळायला काय लागते? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "ऊन!" मग मी दुसरा प्रश्न टाकतो. पौषातल्या रात्री, उन्हाचा पत्ता नसताना, दोरीवरचा ओला पंचा सकाळपर्यंत वाळतो तो कसा? आणि श्रावणात दुपारी चांगले ऊन पडलेले असतानाही खारोडी दोन दोन दिवस चिकटच का राहते? आता वर्गात शांतता पसरते.

या प्रश्नाचे नीट उत्तर शोधून त्यावर एक उद्योग उभा राहिला आहे. मराठवाड्यातला एक तरुण, वैभव तिडके, मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकत असताना आपल्या मित्रमैत्रिणींबरोबर उन्हावर चालणारे एक वाळवणयंत्र तयार करण्याच्या मागे लागला. शेतमाल सडतो, भाव पडतो, शीतगृह परवडत नाही, मग तो माल शेताच्या बांधावरच वाळवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. २०१३ मध्ये त्यांच्या यंत्राला 'डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' या नावाने त्यांची कंपनी वाढली. २०२३ साली 'अर्थशॉट' पारितोषिकाच्या पाच विजेत्यांत तिचे नाव आले. हे पारितोषिक दहा लाख पौंडांचे असते आणि ते या कंपनीला 'कचरामुक्त जग' या विभागात मिळाले. पारितोषिकांची यादी सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. त्या यंत्राच्या पोटात जे भौतिकशास्त्र आहे ते तुमच्या दहावीच्या पुस्तकापलीकडचे फारसे नाही, आणि तरीही ते समजून घेण्यात मोठी गंमत आहे. म्हणून हा खटाटोप.

प्रथम पाणी किती काढायचे ते पाहू. कांद्यात वजनाच्या सुमारे ८७ टक्के पाणी असते. सोलून, चिरून तयार केलेले १० किलो काप घ्या. त्यांत पाण्याव्यतिरिक्तचा भाग फक्त १.३ किलो. कांदा टिकाऊ होण्यासाठी त्यात ७ टक्क्यांच्या आसपास पाणी ठेवायचे असे धरले, तर हा १.३ किलो भाग वाळलेल्या मालाच्या ९३ टक्के झाला पाहिजे. १.३ ला ०.९३ ने भागा. १.४ किलो आले. म्हणजे १० किलो कापांतून ८.६ किलो पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. हंडाभर म्हणा ना!

आता वाफ करायला उष्णता लागते. पाणी उकळून वाफ होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी अप्रकट उष्णता लागते हे तुम्ही पाठ केलेले आहे. पण पाणी उकळल्याशिवायही वाफ होते. माठातले, तळ्यातले, अंगावरच्या घामातले पाणी कधी उकळते का? न उकळता होणाऱ्या या बाष्पीभवनालाही अप्रकट उष्णता द्यावीच लागते आणि ती थोडी जास्तच असते. ४०-५० अंश सेल्सियसला दर ग्रॅमला सुमारे २.४ किलोज्यूल धरा. मग ८.६ किलो पाण्याला २०,६०० किलोज्यूल लागतील. विजेच्या भाषेत हे पावणेसहा युनिट होतात, आणि तेही एक कणभर उष्णता वाया गेली नाही तर. लाकडाच्या भट्टीवर हेच काम करायचे आणि भट्टीची निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून जाते असे धरायचे, तर चार-साडेचार किलो लाकूड जळेल. आपल्या दुष्काळी तालुक्यात चौदाशे ग्रॅम सुक्या कांद्यासाठी चार किलो लाकूड जाळणे कोणाला परवडणार?

ऊन मात्र आपल्याकडे भरपूर. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण ६ युनिट, म्हणजे २१,६०० किलोज्यूल ऊर्जा पडते. वरच्या आकड्याशी ताडून पाहा. दहा किलो कापांतले सगळे पाणी काढायला जी उष्णता लागते ती एका चौरस मीटरवर एका दिवसात पडते! यातली फक्त ३५ टक्के कामी आली असे मानले तरी पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे एका बाजेपेक्षा थोडी मोठी जागा पुरे होईल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली उन्हावर वाफ तयार करण्याची योजना बसवली गेली. तिच्यात प्रत्येकी १६ चौरस मीटरचे ७३ परावर्तक आरसे होते. स्वयंपाकासाठी पाणी उकळण्याहूनही वरचे तापमान लागते, म्हणून ऊन आरशांनी एका जागी गोळा करावे लागते आणि सूर्य सरकेल तसे आरसेही फिरवावे लागतात. वाळवणाला असे काही लागत नाही. पन्नास-साठ अंश पुष्कळ झाले. त्यापुढे गेलात तर कांदा करपतो, त्याचा रंग आणि वास जातो. म्हणून वाळवणयंत्र साधे असू शकते, आणि ते खेड्यात एखाद्या बाईच्या दाराशी राहू शकते.

पण उष्णता दिली म्हणजे काम संपले असे नाही. झालेली वाफ कोणीतरी वाहून न्यायला हवी. ते काम हवेचे. हवा किती वाफ सामावून घेऊ शकते ते तिच्या तापमानावर ठरते. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, ४० अंशाला ५१ ग्रॅम, ५० अंशाला ८३ ग्रॅम आणि ६० अंशाला १३० ग्रॅम. दहा दहा अंशांनी ही क्षमता दीडपटीहूनही अधिक वाढत जाते. समजा, बाहेरची हवा ३० अंशाची असून तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. तिच्यात दर घनमीटरला १५ ग्रॅम वाफ आधीच आहे आणि आणखी १५ ग्रॅमची जागा शिल्लक आहे. हीच हवा ५० अंशापर्यंत तापवली तर ती फुगते. आता एका घनमीटरात १४ ग्रॅमच वाफ राहते आणि जागा होते ६९ ग्रॅमची. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर येते. हवेतली वाफ आपण बाहेर काढलेली नाही, नुसती हवा तापवली, तरी ती 'तहानलेली' झाली.

श्रावणात काय होते तेही यावरून कळेल. हवा २५ अंशाची, आर्द्रता ८५ टक्के. मावणार २३ ग्रॅम आणि भरलेली जवळजवळ २० ग्रॅम. शिल्लक जागा साडेतीन ग्रॅमसुद्धा नाही. वरून ऊन पडले तरी खारोडीतले पाणी जाणार कुठे? उलट पौषात रात्री वारा असतो, हवा कोरडी असते, आणि पंचाला लागणारी थोडीशी उष्णता तो आसपासच्या हवेतूनच घेतो. म्हणून तो वाळतो.

आता खरा पेच येतो. पुष्कळांना वाटते की ५० अंशाच्या हवेत ६९ ग्रॅमची जागा आहे ना, मग ही हवा कापांवरून सोडली की दर घनमीटरला ६९ ग्रॅम पाणी घेऊन जाईल. तसे होत नाही. का, ते माठाला विचारा. वैशाखात बाहेर ४० अंशाची झळ वाहत असते आणि माठातले पाणी गार असते. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता माठ स्वतःच्या पाण्यातून आणि त्याला चाटून जाणाऱ्या हवेतून घेतो. त्यामुळे दोन्ही थंड होतात. कांद्याचा ओला काप हा एक छोटा माठच आहे. त्याच्यावरून ५० अंशाची हवा गेली तरी जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर काप तापत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तो या हवेत धरलात तर तो २७ अंशांच्या आसपास स्थिरावेल. हवाही थंड होत होत तिथपर्यंतच येऊ शकते.

एक घनमीटर गरम हवा एक अंशाने थंड झाली तर सुमारे १.१ किलोज्यूल उष्णता देते. ५० वरून २७ वर आली तर २५ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत पाणी उडेल ते दहा ग्रॅम! जागा ६९ ग्रॅमची, पण ती भरायला लागणारी उष्णता त्या हवेजवळ नाही. गाडी रिकामी आहे, पण बैलांत ओढण्याचे बळ नाही, अशी स्थिती. आपले ८.६ किलो पाणी असे न्यायला ८६० घनमीटर हवा लागेल. तुमचा वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असेल तर तशा पाच वर्गांतली सगळी हवा तापवून कापांवरून न्यावी लागेल.

आणि हा झाला आदर्श हिशेब. प्रत्यक्षात हवा कापांना ओझरती भेटून निघून जाते. ती २७ अंशांपर्यंत थंड न होता ४० अंशालाच बाहेर पडली, तर दर घनमीटरला अकराच किलोज्यूल देऊन जाईल आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास पाणी नेईल. मग हवा लागेल सुमारे १,८७० घनमीटर. तेवढी हवा ३० वरून ५० अंशांवर आणायला ४१,००० किलोज्यूल खर्च होतील, म्हणजे हव्या असलेल्या उष्णतेच्या दुप्पट. निम्मी उष्णता धुराड्यातून आकाशात! गरम हवेच्या साध्या पेट्या उन्हातही संथ का चालतात याचे हे एक मोठे कारण आहे.

यावर उपाय कोणता? उत्तर आपल्या चुलीवर आहे. भाकरी तव्यावर एका मिनिटात भाजते. तितक्याच तापलेल्या हवेत ती नुसती टांगून ठेवली तर किती वेळ लागेल याचा विचार करा. तवा भाकरीला चिकटलेला असतो, उष्णता वहनाने थेट तिच्या अंगात जाते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. तेव्हा वाफ नेण्याचे काम हवेकडे ठेवावे आणि उष्णता देण्याचे काम तिच्याकडून काढून धातूच्या पत्र्याकडे द्यावे, हे सरळ शहाणपण.

तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या यंत्राच्या नावातच 'वहन' हा शब्द आहे. उन्हाने तापणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावरच काप पसरायचे. पत्र्याकडून वहनाने, वरून प्रारणाने आणि आत फिरणाऱ्या हवेच्या अभिसरणाने अशी तिन्ही मार्गांनी उष्णता मालाला मिळते. पुस्तकात ज्या तीन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत वाचतो त्या येथे एकाच पेटीत कामाला जुंपल्या आहेत. हवा आत येते, तापून हलकी होते, वर चढते आणि वाफ घेऊन बाहेर पडते. पंख्याची गरज नाही, म्हणजे विजेची नाही, आणि भारनियमनाची भीतीही नाही.

आपला हिशेब पुन्हा मांडू. हे माझे उदाहरणादाखलचे आकडे आहेत, कंपनीच्या यंत्रावर घेतलेली मोजमापे नव्हेत. पत्रा उष्णता पुरवत असेल तर हवा थंड होण्याचे कारण नाही. ती ५० अंशांवरच, ६० टक्के आर्द्रता घेऊन बाहेर पडली असे धरा. तिच्यात आता ५० ग्रॅम वाफ आहे. येताना १४ ग्रॅम होती. म्हणजे दर घनमीटरमागे ३६ ग्रॅम पाणी गेले. ८.६ किलोसाठी २४० घनमीटर हवा पुरली, दीड वर्गभर! ती तापवायला सुमारे ५,३०० किलोज्यूल आणि पाण्याची वाफ करायला २०,६०० मिळून २५,९०० झाले. मघाच्या ४१,००० शी तुलना करा. ऊन तेवढेच, काम दीडपटीहून अधिक. ऊन फुकट आहे म्हणून काटकसर कशाला, असे म्हणू नका. ऊन फुकट आहे, पण ते गोळा करणारा पत्रा फुकट नाही. काम दीडपट झाले म्हणजे तेवढ्याच कामाला पत्रा कमी लागला.

येथपर्यंत सगळे गणित होते आणि गणितात कांदा कधी बिघडत नाही. आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरी पत्र्याची काळी पेटी करून वर काच बसवली आणि मोठ्या उत्साहाने कांदा वाळवला. दीड दिवसात काप खडखडीत वाटले. बरणीत भरून झाकण घट्ट लावले. पंधरा दिवसांनी उघडतो तो बुरशी! पत्नी म्हणाली, "एक काप मोडून तरी पाहायचा होता." वाळवण वाळले की नाही हे आमच्या घरातल्या बायका हाताने मोडून, आवाज ऐकून ठरवतात. मी मात्र वरून बोट लावून ठरवले होते.

चूक कुठे झाली? वाळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात पृष्ठभाग ओला असतो, पाणी जितक्या वेगाने उडते तितक्याच वेगाने आतून वर येते. दुसऱ्यात पृष्ठभाग सुकलेला असतो आणि आतले पाणी पेशींतून वाट काढत हळूहळू वर येते. आता घाई करून काही उपयोग नाही. फार उष्णता दिली तर वरचा थर आकसून कडक कवच होते आणि आतले पाणी आतच कोंडते. माझे काप जाड होते आणि पेटी फार तापली होती. कवच वाजत होते आणि पोट ओले होते.

जाडीचा परिणाम किती मोठा आहे पाहा. दुसऱ्या टप्प्यात लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरच्या कापाला जो वेळ लागेल त्याच्या दुप्पट नव्हे, चौपट वेळ ६ मिलिमीटरच्या कापाला लागेल. म्हणून या धंद्यात काप करण्याचे यंत्र वाळवणयंत्राइतकेच महत्त्वाचे. विळीवर चिरलेल्या कांद्यात एक काप कागदासारखा आणि दुसरा बोटाएवढा असतो. कागदासारखा करपेपर्यंत बोटाएवढा ओलाच राहतो.

किती वाळवले म्हणजे पुरेसे? नुसती पाण्याची टक्केवारी सांगून भागत नाही. बुरशीला पदार्थातले सगळे पाणी मिळत नाही. साखरेने, क्षारांनी, तंतूंनी धरून ठेवलेले पाणी तिच्या उपयोगाचे नसते. वाळलेला माल घट्ट झाकणाच्या बरणीत काही तास ठेवला की बरणीतल्या हवेला एक ठरावीक सापेक्ष आर्द्रता येते. ती ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. बहुतेक जिवाणूंना तर ९० टक्क्यांहून अधिक लागते. गुळाची ढेप, मध, मनुका यांत पाणी असूनही ते टिकतात त्याचे रहस्य हेच. तेव्हा साधा आर्द्रतामापक बरणीत ठेवून पाहणे हे बोटाने चाचपण्यापेक्षा कितीतरी बरे. माझ्या फसलेल्या बरणीच्या आतल्या बाजूला दुसऱ्याच दिवशी दव दिसत होते. मी ते पाहिले होते आणि दुर्लक्ष केले होते!

पालेभाज्यांना आणखी एक भय असते, ते प्रकाशाचे. मेथी उघड्या उन्हात वाळवली की पिवळट पडते. हरितद्रव्य प्रकाशाने मोडते आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्वाचा पूर्वगामी असलेले कॅरोटीनही कमी होते. म्हणून मेथी सावलीत वाळवण्याची जुनी रीत आहे. वरून झाकलेल्या पेटीत उष्णता मिळते आणि ऊन थेट लागत नाही. धूळ, माश्या आणि कावळेही बाहेर राहतात. क जीवनसत्त्व मात्र कशानेही पुष्कळसे जातेच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाळलेली भाजी ताज्या भाजीची बरोबरी करते असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका.

आता उद्योगाकडे वळू, कारण यंत्र तयार झाले म्हणजे उद्योग होत नाही. आपल्याकडे कितीतरी चांगली यंत्रे पारितोषिके मिळवून प्रदर्शनाच्या मांडवात गंजली आहेत. यंत्र विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने वाळवलेला कांदा विकायचा कोणाला? आठवडे बाजारात तो कोणी घेणार नाही. तो घेणार मोठी उपाहारगृहे, खानावळी, मसाले आणि सूप करणारे कारखाने. त्यांना शंभर पोती एकाच रंगाची, एकाच ओलाव्याची, वर्षभर लागतात. तिडके, त्यांच्या सहसंस्थापक निधी पंत आणि इतरांनी येथे जो मार्ग काढला तो मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. खेड्यातल्या महिला शेतकऱ्यांकडे यंत्रे द्यायची, त्यांनी दाराशी माल वाळवायचा आणि तो कंपनीने विकत घेऊन पुढे खाद्यउद्योगांना पुरवायचा. मोठा कारखाना एका जागी उभारण्याऐवजी तो लहान लहान तुकड्यांनी गावोगाव पसरला. पाणी गावातच उडाले. दहा किलोऐवजी दीड किलोच माल वाहून न्यावा लागला.

उलट टोकाचे उदाहरण जळगावचे. भवरलाल जैन यांच्या उद्योगसमूहाने कांदा निर्जलीकरणाचा मोठा कारखाना उभारला आणि त्यासाठी शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा लावून घेतला. पांढराच का? त्याच्या खास जातींत घनभाग जास्त असतो. ७ टक्के ओलाव्याचा एक किलो सुका कांदा हवा असेल तर घनभाग लागतो ९३० ग्रॅम. कांद्यात घनभाग १२ टक्के असेल तर ७.७५ किलो काप लागतात आणि ६.७५ किलो पाणी उडवावे लागते. तोच १८ टक्के असेल तर ५.१७ किलो काप आणि ४.१७ किलो पाणी. इंधन तब्बल ३८ टक्के कमी! येथे बियाणे निवडणे हेच इंधन वाचवणे ठरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला सहल नेणार असाल तर तेथील कांद्याच्या जातींचे घनभाग अवश्य विचारून घ्या.

आता पाथर्डीपुरते बोलतो. उन्हाळी कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि पुष्कळदा नेमका तेव्हाच भाव कोसळतो. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो थांबतो. नाही त्याला गोणीचे आणि गाडीभाड्याचेही पैसे सुटत नाहीत. ऊन मात्र याच महिन्यांत सर्वांत कडक. निसर्गाने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. समजा, १२ किलो कांद्यातून साल, मुळे, देठ काढून १० किलो काप मिळाले. भाव किलोला ५ रुपये असेल तर ६० रुपयांच्या कांद्यातून १.४ किलो सुका माल, म्हणजे किलोमागे कच्च्या मालाचे ४३ रुपये. भाव २५ रुपये झाला तर तेच २१४ रुपये होतात. त्या भावाला कोणताही शहाणा माणूस कांदा वाळवणार नाही, तो तसाच विकेल. तेव्हा वाळवणयंत्र हे पडलेल्या भावाचे औषध आहे, बारमाही सोन्याची कोंबडी नव्हे.

दुसरी अडचण याहून बोचरी आहे. यंत्र कर्जावर घेतले तर हप्ता बारा महिन्यांचा आणि खणखणीत ऊन आठ महिन्यांचे. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या हवेला तापवूनही दिवसाचे काम अर्ध्यावर येते, आणि झाकोळ असेल तर तेवढेही होत नाही. म्हणून कोणी यंत्र विकायला आले तर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. वर्षातले किती दिवस ते चालेल, माल कोण घेईल आणि भाव आधी ठरला आहे का, हे विचारावे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि वर्गातले काही बाक रिकामे होतात. मुकादमाची उचल न घेता गावात राहता येईल इतके काम एखाद्या घराला मिळते का, हे या आकड्यांवरच ठरायचे आहे. माझा अंदाज असा की, एकट्या कांद्यावर ते जमणार नाही. हिवाळ्यात मेथी, टोमॅटो आणि शेवगा, उन्हाळ्यात कांदा असे पीक बदलत राहिले आणि घेणारा बांधलेला असला, तर जमू शकेल. टोमॅटोत मात्र ९४ टक्के पाणी असते. दहा किलोंतून सुके किती मिळतील याचा हिशेब तुम्ही करा.

शेवटी एक प्रयोग. खर्च जवळजवळ नाही, चार दिवस लागतील. एक मोठा कांदा सोलून त्याचे काप करा, अर्धे ३ मिलिमीटरचे आणि अर्धे ६ मिलिमीटरचे. दोन सारखे पत्रे घ्या आणि काळा खाद्यरंग किंवा तव्याची काजळी न लावता स्वच्छ ठेवा. अन्नाला लागणारा पत्रा हातरंगाने काळा करू नये. काळेपणा हवाच असेल तर तो पत्र्याच्या खालच्या अंगाला द्या आणि तो भाग उन्हात राहील असा पत्रा थोडा उंच टेकवा. त्याखाली चकचकीत पत्रा ठेवला की ऊन खालून परत वर येईल. दोन्ही जाडीचे काप वेगवेगळ्या पत्र्यांवर एकेरी थराने पसरा, वर मलमलीचे फडके बांधा. तिसरी रास नेहमीसारखी कापडावर ठेवा. शाळेच्या तराजूवर दर दोन तासांनी तिन्ही राशींचे वजन घेऊन वहीत लिहा आणि शेजारी त्या वेळचे हवेचे तापमान आणि ओल्या फडक्याच्या तापमापकाचे तापमानही लिहा. रात्री काप डब्यात बंद करा, नाहीतर ते पहाटेच्या हवेतून पाणी परत पितील.

वजन आणि वेळ यांचा आलेख काढा. सुरुवातीला तो जवळजवळ सरळ रेषेत उतरेल आणि मग एका ठिकाणी वाकून सपाट होऊ लागेल. त्या वळणाच्या जागी पेन्सिलीने खूण करा. पातळ आणि जाड कापांच्या आलेखांत ही खूण सारख्याच वेळेला येते का, आणि तिच्यानंतर सपाट होईपर्यंतचा वेळ खरोखर चौपट भरतो का, ते पट्टीने मोजा. चौपट भरला नाही तर घाबरू नका. काप खरेच ३ आणि ६ मिलिमीटरचे होते का, ते आधी तपासा.